न बघता खेळलेला डाव

दादाने पत्त्यांच्या स्पर्धेला यायचं कबूल केलं, पण दोन अटी घालून. एक, तो उभ्याउभ्याच खेळ बघेल, तिथल्या खुर्चीत बसणार नाही. दुसरी, धाकट्या भावाशी, घुम्याशी बोलायची त्याच्यावर कुणी सक्ती करायची नाही. यावर वहिनी म्हणाली, "उभे राहा की. गुडघे कुरकुरायला लागले की आपोआप बसाल." आणि खरोखरच पहिला डाव वाटून व्हायच्या आत दादा प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोराच्या अलीकडच्या खुर्चीत ठाण मांडून बसला होता. हाताची घडी, ओठ मिटलेले, जणू त्याला तपासनीस म्हणून बोलावलं होतं.

तो का आला हे त्याने वाटेतच सांगून टाकलं होतं. "तिथे प्रत्येक डावाला पत्ते तपासतात. वर कॅमेरे. वाटणारी माणसं तिसरीच. तिथे घुम्याची डाळ शिजायची नाही. बघूच."

 ताईलाही बघायचंच होतं, पण दादासारखं आधीच निकाल खिशात घालून नाही. त्यांच्या वजनकाट्यांच्या दुकानात एखादा काटा दुरुस्तीला आला की गिऱ्हाईक म्हणतं, हा चुकीचा दाखवतो. ताई म्हणते, बघू या. आधी रिकामा ठेवून बघायचा, मग ठाऊक असलेलं वजन टाकून बघायचं, आणि मग बोलायचं. आपल्या सख्ख्या भावाच्या, घुम्याच्या बाबतीत मात्र तिने हे केलं नव्हतं. तिथे ती न मोजताच बोलून मोकळी झाली होती, आणि त्याला आता वीसेक वर्षं झाली होती.

हॉटेलचं ते दालन मोठं होतं, एरवी तिथे कंपन्यांच्या सभा होत असाव्यात. जमिनीवर जाड गालिचा, त्याची नक्षी अशी की फार वेळ बघितलं तर गरगरावं. लांबट टेबलांवर हिरवं कापड, प्रत्येक टेबलाशी एक पत्ते वाटणारं माणूस, आणि भोवती खेळाडू. त्यातले हौशी कोण आणि व्यावसायिक कोण हे ओळखायला ज्योतिषी लागत नव्हता. हौशी माणसं घरून पाण्याची बाटली आणि आशा घेऊन आली होती. एक दातांचा डॉक्टर, एक मोटार शिकवणारा, एक निवृत्त मुख्याध्यापिका. व्यावसायिक मंडळी मात्र बँकेत कामाला आल्यासारखी बसली होती. त्यांना कसलंच कौतुक नव्हतं. बहुतेक वेळा तर ती पानं बघायची आणि लगेच टाकून द्यायची. हौशी माणसाला हे जमत नाही. एवढा लांबून आलोय, रजा टाकलीय, आणि पानं टाकून गप्प बसायचं? छे. मग तो वाईट पानांवरही दोन चिप्स, पैशांऐवजीच्या चकत्या, लावून बघतो, आणि तिथेच त्याचं घर फिरतं. मोटार शिकवणारा चहाच्या आतच उठून गेला.

खेळ ताईला नवा नव्हता. ज्याला त्याला दोन पानं मिळणार, ती आपल्यापुरती झाकून बघायची. टेबलावर मधोमध पाच पानं उघडणार, आधी तीन, मग एक, मग एक. दर वेळी चिप्स लावून पुढे जायचं की पानं टाकायची ते ठरवायचं; बाकी सगळ्यांनी टाकली तर उरलेला पानं न दाखवताच जिंकतो. घरी हाच पोकर रविवारी दुपारी दुकानामागच्या खोलीत चालायचा. चिप्सच्या जागी जुने पितळी स्क्रू असायचे, आणि नियमही सगळे हेच. फक्त एक बाबांनी आपला घातलेला. डाव संपला की सगळ्यांनी आपापली पानं उलटायची. जिंकलेल्याने, हरलेल्याने, मधेच पानं टाकलेल्यानेही. बाबांचं म्हणणं, आपण मापं तपासणारी माणसं, खेळात चांगली पानं असल्याची हूल द्यायची तर द्या, पण नंतर ती उजेडात येऊ दे.

आणि त्याच रविवारांत घुम्या फार जिंकायला लागला. शेंडेफळ, दिवसभर तोंडातून शब्द निघायचा नाही म्हणून घुम्या. पण दादाकडे चांगली पानं असली की हा पानं टाकणार, आणि दादा हूल देत असला की हा ठाम बसणार. एका रविवारी दादा उठला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हा पानांना नखाने खुणा करतो. मी स्वतः बघितलंय." बाबांनी कॅट खिडकीशी नेऊन एकेक पान पाहिलं. पण ती कॅट इतकी जुनी की खुणा शोधायला गेलं तर सगळीच पानं गुन्हेगार. मग बाबा ताईकडे वळले. "तू काय बघितलंस?" ताईने काहीच बघितलं नव्हतं. ती म्हणाली, "दादा म्हणतोय म्हणजे असेल."

बाबांनी आवाज चढवला नाही. ते एवढंच म्हणाले, "संशय असलेलं वजन आपण पेटीत ठेवत नाही." प्रमाण वजनांची ती मखमली पेटी, जिच्यातली वजनं चिमट्यानेच उचलायची, बोट लावायचं नाही, ती बाबा घुम्याच्या हवाली करणार होते, कारण घरात सगळ्यात स्थिर हात त्याचा होता. ती दादाकडे गेली. घुम्या आठवड्याच्या आत घर सोडून गेला, आणि पुढे पोकरवरच पोट भरायला लागला. दादा म्हणाला, बघा, मी काय सांगत होतो. 

ताईच्या पत्त्यांच्या हौशी क्लबातून चिठ्ठ्या टाकून काही जणांना या स्पर्धेत जागा मिळणार होती. त्यात ताईचं नाव निघालं, आणि जाहिरातीतल्या व्यावसायिकांच्या फोटोंत वहिनीला घुम्या दिसला. वहिनी म्हणाली, "वन्सं, आता नाही गेलात तर पुन्हा जन्मात जाणार नाही." वहिनी घरात कायम दादाच्या बाजूने बोलते आणि ताईच्या बाजूने वागते.

पहिल्याच तासात ताईने घोळ घातला. हातात काही नसताना तिने जोरात चिप्स पुढे सरकवल्या, सगळ्यांनी पानं टाकली, आणि डाव जिंकल्याबरोबर तिने सवयीने आपली पानं उलटून टेबलावर मांडली. तीन आणि आठ. 

"मॅडम, दाखवायची गरज नसते," पत्ते वाटणारी मुलगी हळूच म्हणाली.

"हो का?" ताई म्हणाली, आणि पुढच्या डावात तिने पुन्हा पानं उलटली. हात ऐकेना.

समोर एक टोपीवाला व्यावसायिक होता, डोळ्यांवर सावली पाडून बसलेला. तो पुढे झुकला. "ही सवय आहे की डावपेच?"

"आमच्या घरची पद्धत आहे."

टोपीवाल्याला हे पटलं नाही. हुशार माणसाला सरळ उत्तर पचत नाही. यात नक्की काहीतरी मेख आहे असं धरून तो तासभर तिच्या वाटेला गेला नाही, आणि त्याचं बघून शेजारचे दोघेही जपून खेळायला लागले. ताईसमोर चिप्सचे छान ढीग झाले. पलीकडून वहिनीने अंगठा दाखवला. दादाने वहिनीचा हात खाली ओढला.

मग माणसं कमी झाली तशी टेबलं एकत्र केली. ताईला आणि टोपीवाल्याला उठवून कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं. तिथे समोर घुम्या होता.

केस पांढरे झालेले, अंगावर साधा इस्त्रीचा शर्ट. गळ्यात काही नाही, कानांत काही नाही. त्याने तिला चालत येताना पाहिलं होतं. ती बसल्यावर म्हणाला, "ताई, डावा गुडघा अजून दुखतो?"

इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य हे. ताई म्हणाली, "जिने चढताना." तेवढ्यात पानं आली.

पुढचा अर्धा तास जुन्या रविवारसारखा गेला. तिच्याकडे राण्यांची जोडी आली, घुम्याने पानं टाकली. तिने हूल दिली, घुम्याने शांतपणे चिप्स पुढे केल्या आणि जिंकला. पुन्हा एक्का आला, पुन्हा त्याने टाकली. ताईने पानांच्या पाठी निरखून पाहिल्या. कोऱ्या, गुळगुळीत, एकीसारखी दुसरी. तरीही तो पानांतूनच बघतो असं वाटावं इतकं त्याचं अचूक होतं. दोरापलीकडे दादा खुर्चीत पुढे सरकून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, पाहिलंस? इथेही तेच.

मग ताईच्या डोक्यात आलं की हे मोजता येईल.

याला एक तर पानं दिसतात, नाहीतर ती दिसते. दोन्ही एका वेळी तपासता येणार नाहीत, पण एक बाजूला काढता येईल. तिने स्वतःच पानं बघितली नाहीत तर? त्याला पानं दिसत असतील तर तिने बघितली काय, न बघितली काय, त्याला फरक पडणार नाही. पण तो तिच्यावरून ओळखत असेल, तर तिलाच ठाऊक नसलेलं त्याला कुठून कळणार? इतकं सोपं होतं हे. तेव्हा त्या खोलीत बसून हे सुचायला हवं होतं, असं वाटून तिला स्वतःची लाज वाटली.

पुढची दोन पानं आली. तिने इतर वेळी करायची तसंच तळहाताच्या आड त्यांची कड उचलली, मान खाली घातली, आणि नजर मात्र आपल्या अंगठ्याच्या नखावर ठेवली. पानं पुन्हा खाली ठेवली. दोघे-तिघे आधीच बाहेर पडले. घुम्या राहिला, आणि टोपीवाला. मधली तीन पानं उघडली. एक्का, नऊ, चार. टोपीवाल्याने पानं टाकली. घुम्याने थोड्या चिप्स पुढे सरकवल्या. ताईने आपले सगळेच ढीग दोन्ही हातांनी पुढे ढकलले.

घुम्या तिच्याकडे बघायला लागला. आधी चेहऱ्याकडे, मग हातांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. ताईला कसली भीती नव्हती, लपवायला काही नव्हतंच. तिला फक्त उत्सुकता होती, काटा कुठे थांबतो ते बघायची. बराच वेळ गेला. घुम्याने कपाळ चोळलं. हे तिने त्याला कधी करताना पाहिलं नव्हतं. शेवटी त्याने मान हलवली आणि पानं टाकली, आणि टाकताना ती उलटली. त्याच्याही हातातून ती सवय गेली नव्हती.

राजा आणि राजा.

टोपीवाल्याने टोपी मागे सरकवली. राजांची जोडी कुणी टाकत नाही, एक्क्याच्या भीतीशिवाय. आता सगळे ताईकडे बघत होते. तिने आपली पानं उलटली, आणि स्वतः ताईही ती पहिल्यांदाच बघत होती. दुर्री आणि सत्ती. दोन रंगांची, एकमेकांशी आणि टेबलाशी कसलंही नातं नसलेली. पोकरमध्ये याहून फाटकी पानं नाहीत.

घुम्या पानांकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "तू बघितलीच नव्हतीस?"

"नाही."

"तरीच. तुझ्या चेहऱ्यावर खोटं नव्हतं. मला वाटलं, एक्का आहे." आणि तो हसायला लागला, आवाज न करता, खांदे हलवत, लहानपणी हसायचा तसाच.

ताईला हसू आलं नाही. दुर्री-सत्तीपुढे राजे टाकणाऱ्या माणसाला पानांच्या पाठी वाचता येत नाहीत. कधीच येत नव्हत्या. तिने एका वाक्यात ज्याला घराबाहेर घालवायला मदत केली होती, तो चोर नव्हता. हे आता तिला पक्कं ठाऊक झालं, आणि त्याने जिवाला बरं वाटण्याऐवजी डोळे भरून आले.

त्यानंतर तिचं खेळात लक्ष नव्हतं. टोपीवाल्याने तिला पुढच्या काही डावांत साफ धुऊन काढलं, तेही अगदी नम्रपणे, आणि उठताना हात मिळवला. लगेच चहाची सुट्टी झाली.

चहाचं टेबल दालनाबाहेरच्या लांब खिडकीशी होतं. वहिनीने घुम्याला बाहीला धरून आणलं आणि खुर्चीत बसवलं. "बसा भावजी. वाळलात. ह्यांची अट ह्यांची, माझी नाही." दादा त्याच टेबलाशी होता, उठून जावं तर चहा अर्धा. तो खिडकीबाहेरच्या गाड्या बघत राहिला.

ताईने सगळं सांगितलं. पानं न बघितल्याचं, आणि का ते. "याला पानं दिसत नाहीत, दादा. आपण दिसतो."

"एका डावावरून काही ठरत नाही," दादा खिडकीला म्हणाला.

"मग त्याला विचारू. घुम्या, माझं काय कळतं तुला?"

घुम्या अवघडला. "जाऊ दे ना."

"सांग."

"चांगली पानं आली की तू समोरच्या वस्तू सरळ करतेस. चिप्स, पाण्याचा पेला, काहीही. हूल देताना हात गुडघ्यावर जातो."

ताईने बघितलं, तिने आत्ताच चारही चमचे एका ओळीत लावले होते.

"आणि माझं?" वहिनीचे डोळे चमकले. "मी लग्न होऊन आले तेव्हा वर्षभर खेळले होते तुमच्यात."

"वहिनी, तुमच्याकडे काही चांगलं आलं की तुम्ही दुसऱ्याचं कौतुक करायचात. बाबांचा शर्ट छान आहे, ताई बारीक दिसते."

वहिनी तोंडाला पदर लावून हसली. "अगं बाई. आणि मला वाटायचं, मी किती आतल्या गाठीची." हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "पण कशावरून ठरवलंत हे?"

"ठरवलं नाही. दर रविवारी डाव संपला की सगळ्यांची पानं उघडी व्हायची. आधी कोण काय करत होतं ते मी बघितलेलं असायचं. नुसतं जुळवत गेलो. बोलायला मला जमायचं नाही, मग बघत बसायचो."

इतकं कुणी आपल्याकडे बघत होतं, आणि आपल्याला पत्ता नव्हता, असं ताईच्या मनात आलं. तिच्याकडे इतकं तिच्या नवऱ्यानेही कधी बघितलं नव्हतं.

"आणि ह्यांचं?" वहिनीने विचारलं.

"राहू दे वहिनी."

"राहू दे काय? आमच्या दोघींचं पितळ उघडं पाडलंत, ह्यांनाच का सोडता?"

"सांगू दे त्याला काय सांगायचं ते," दादा म्हणाला. अजून तोंड खिडकीकडेच.

घुम्याने कप खाली ठेवला. "तुझं सगळ्यात सोपं होतं, दादा. पानं खरी असली की तू कुणाकडेच बघायचा नाहीस. मान खाली. हूल देत असलास की मात्र समोरच्याच्या डोळ्यांत बघायचास. एकदम सरळ, पापणी न हलवता."

 ताईला तो रविवार आठवत होता. दादा उभा, टेबलावर हात टेकलेला, आणि घुम्याच्या डोळ्यांत डोळे घालून तो म्हणत होता, मी स्वतः बघितलंय. खोटं बोलणारा माणूस असं बघू शकत नाही, असं तेव्हा तिला वाटलं होतं. त्या नजरेवरच तर तिने विश्वास ठेवला होता.

"तुला तेव्हाच कळलं होतं," ती घुम्याला म्हणाली.

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? बाबांनी विचारलं असतं, कशावरून. मी म्हणालो असतो, तो माझ्याकडे नीट बघतोय, त्यावरून." तो ताईकडे वळला. "तू तरी मानलं असतंस?"

"नसतं मानलं," ताई म्हणाली. खोटं बोलून आता काय मिळणार होतं. "माझं चुकलं, घुम्या. मी काही बघितलं नव्हतं, आणि बघितलं नाही असं म्हणालेही नाही." तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. त्याने तो काढून घेतला नाही.

आत घंटा झाली. सुट्टी संपली होती. लोक कप ठेवून लगबगीने दालनात शिरले, टोपीवाल्याने जाताना घुम्याकडे बघून आत बोट दाखवलं. खेळाडू नसला तरी डाव थांबत नाही, त्याच्या ढिगातून चिप्स काढल्या जातातच. घुम्या हलला नाही.

दादाने खिडकीवरून मान वळवली. त्याने घुम्याच्या डोळ्यांत सरळ बघितलं आणि स्पष्ट, ठाम आवाजात म्हणाला, "मी जे बघितलं ते बघितलं होतं."

ताई बघत होती. घुम्या बघत होता. वहिनीने हातातली बशी हळूच टेबलावर ठेवली, आणि तीही बघायला लागली. इतकी वर्षं ज्या नवऱ्याच्या बाजूने ती बोलत आली होती, त्याच्या न हलणाऱ्या पापण्यांकडे.

"अहो," ती म्हणाली. एवढंच.

दादाची नजर थोडा वेळ तशीच राहिली. मग ती घुम्याच्या चेहऱ्यावरून घसरली, शर्टाच्या बटणांवर आली, टेबलावर आली. त्याने समोरचा रिकामा कप उगाच बशीत फिरवला. त्याचा आवाज आला तेव्हा तो इतका बारीक होता की ताईला पुढे वाकावं लागलं.

"पेटी मला हवी होती," तो कपाला म्हणाला.